वजन बरोबर, टंच कमी

टेबलावर फाईल एकच आली, तिची. नाडीने आवळून बांधलेली, कोपरे झिजलेले. आत सोनोग्राफीचे फोटो, थायरॉइड, साखर, गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीच्या तपासणीची सीडी, रक्तात गुठळ्या होण्याच्या चाचण्या. दोघांच्या गुणसूत्रांचे रिपोर्ट नॉर्मल होते, पण तेही तिच्याच नावाच्या पाकिटात. त्याच्या वीर्याचा म्हणून जो एकमेव कागद होता, तो मागच्या खिशात चार घड्या घालून ठेवलेला. दोन वर्षांपूर्वीची तपासणी आणि खाली शिक्का, ‘नॉर्मल’.

मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅब चालवते. वीर्यतपासणी हे आमचं रोजचं काम. माणूस चिठ्ठी घेऊन येतो, नमुना देतो, मान खाली घालून जातो. संध्याकाळी कागद घ्यायला बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी येतं. पूर्ण गोष्ट माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. या वेळी पोहोचली, कारण मिरजेच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर चाचणीच्या नावासोबत प्रश्नही लिहिला होता: ‘दोन गर्भपात. डावीकडे तिसऱ्या श्रेणीचा व्हेरिकोसील. भट्टीचं काम. आधी ऑपरेशन की थेट इक्सी, ते ठरवायचं आहे. शुक्राणूंचं डीएनए फ्रॅगमेंटेशन बघावं.’ व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषावरच्या फुगलेल्या शिरा, इक्सी म्हणजे प्रयोगशाळेत एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचणं आणि फ्रॅगमेंटेशन म्हणजे डीएनएचं तुटणं. दोघांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माणूस आणि त्याची भट्टी

तो चौतीस वर्षांचा, ती एकोणतीस. गाव विट्याजवळचं. खानापूर-आटपाडी भागातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. हाही त्यांतलाच. अठराव्या वर्षी मामाबरोबर कोइमतूरला गेला तो तिथलाच झाला. दहा बाय बाराची खोली, एका कोपऱ्यात भट्टी, समोर पाट. मोडीचे दागिने मुशीत घालायचे, वितळवायचे, तेजाबात टाकून सोनं वेगळं काढायचं. दिवसाचे सहा-सात तास भट्टीसमोर मांडी घालून. वर पंखा नाही, कारण वाऱ्याने आच बिघडते. सोबत तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी.

लग्नाला सहा वर्षं झालेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी दिवस गेले, दोन्ही वेळा सातव्या-आठव्या आठवड्यात थांबलं. दुसऱ्या वेळी ठोके दिसले होते, पुढच्या सोनोग्राफीत नव्हते. त्यानंतर काहीच नाही. रेणावीच्या रेवणसिद्धाला नवस बोलून झाला, तीन वेळा आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, करून झालं. शेवटी टेस्ट ट्यूबचा सल्ला आणि खर्चाचा आकडा ऐकून तिच्या भावाने दोघांना मिरजेला नेलं, दुसरं मत घ्यायला.

तिथे डॉक्टरांनी त्याला उभं केलं, खोल श्वास घेऊन जोर करायला सांगितला आणि हाताने तपासलं. डाव्या अंडकोषाच्या वर पिशवीत गांडुळं भरावीत तसा फुगलेल्या शिरांचा गुंता होता. नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा, म्हणजे तिसरी श्रेणी. दोन मिनिटांचं काम. चार वर्षांत ते कुणीच केलं नव्हतं, कारण कागदावर ‘नॉर्मल’ होतं.

नॉर्मल म्हणजे काय

तो कागद मी उलगडून पाहिला. दर मिलिलिटरमागे ३ कोटी ८० लाख शुक्राणू, ४४ टक्के हालचाल करणारे, त्यांतले पुढे सरकणारे ३३, आकार ठीक असलेले ४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा आहेत १ कोटी ६० लाख, ४२, ३० आणि ४. म्हणजे संख्येत पास, बाकी सगळीकडे काठावर. शिवाय या मर्यादा पास-नापासाच्या नाहीतच. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे गोळा करून त्यांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांपाशी ती रेघ ओढली आहे. रेघेवर असलेल्याला मूल होईलच असं नाही आणि रेघेखालच्याला होणार नाही असंही नाही.

“मॅडम, रिपोर्ट तर नॉर्मल हाय की. आता परत काय बघायचं?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, आतापर्यंत किती आहेत, पळतात का आणि दिसतात कसे एवढंच पाहिलंय. आत जो माल घेऊन निघालेत तो शाबूत आहे का, हे पाहिलेलं नाही.

तो जरा थांबला. मग म्हणाला, “म्हंजे वजन केलंय. टंच काढायचा ऱ्हायलाय.” टंच म्हणजे सोन्याची शुद्धता.

पंधरा वर्षं मी ही गोष्ट पेशंटांना समजावते आहे, इतकी नेमकी मला कधी सांगता आली नव्हती.

तर हा टंच कशाचा? शुक्राणूच्या डोक्यात साधारण एक मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो आणि डोकं जेमतेम पाच मायक्रॉन लांब. एवढं मावावं म्हणून शरीर त्याचं गाठोडंच बदलतं. इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. शुक्राणू तयार होताना त्यांतली बहुतेक काढून जागी प्रोटामीन बसवली जातात आणि धागा कितीतरी घट्ट आवळला जातो. आवळणी सैल राहिली, किंवा वाटेत ऑक्सिडेशनचा मारा बसला, की धागा जागोजागी तुटतो. तो सांधायची यंत्रणा तयार झालेल्या शुक्राणूकडे उरलेली नसते. काही तुटी पुढे स्त्रीबीज सांधून घेतं, पण त्यालाही मर्यादा आहे. गर्भाचे पहिले दोन-तीन दिवस मुख्यतः बीजातल्या शिदोरीवर निघतात, वडिलांच्या जनुकांचं काम त्यानंतर सुरू होतं. त्यामुळे फलन होऊन, गर्भ रुजूनही पुढे थांबणं शक्य असतं. २०१२ साली १६ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, डीएनए जास्त तुटलेल्या पुरुषांच्या जोडीदारांत गर्भपाताचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं होतं.

अंडकोष शरीराबाहेर असतात ते दोन-चार अंश गार राहावेत म्हणून. व्हेरिकोसीलमध्ये रक्त उलटं साचतं आणि ती गारवा राखायची सोय बिघडते. त्यात याच्या समोर भट्टी.

आमची चूक

पहिला नमुना घेतला तो मे महिन्यातला मंगळवार होता. नमुना तासाभरात तपासणीला लागायला हवा आणि विट्याहून तासगावमार्गे एसटीने दीड तास मोडतो, म्हणून लॅबमध्येच द्यायला सांगितलं. ते बरोबर केलं. चुकलं वेगळंच. आधीच्या वीर्यस्खलनाला किती दिवस झाले, हा फॉर्मवरचा रकाना काउंटरवरच्या मुलीने कोरा सोडला. बावीस वर्षांची मुलगी अनोळखी पुरुषाला हे कसं विचारणार, हेही खरंच. पण सही करताना मीही रकाना पाहिला नाही. रिपोर्ट गेला: डीएनए तुटलेले शुक्राणू ४६ टक्के.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. “दिवस किती?”

मी फॉर्म काढला. कोरा. त्याला फोन लावला तेव्हा कळलं, तो आदल्याच रात्री कोइमतूरहून उतरला होता. अकरा दिवस झाले होते. तयार शुक्राणू जितके दिवस साठून राहतात तितका त्यांच्यावर ऑक्सिडेशनचा मारा होत राहतो आणि आकडा फुगतो. साध्या वीर्यतपासणीला दोन ते सात दिवसांचं अंतर चालतं. या चाचणीत दोन दिवस आणि सात दिवस यांतही फरक पडू शकतो, इथे तर अकरा. तो ४६ चा कागद मी परत मागवला, पैसे घेतले नाहीत आणि दोन दिवसांचं अंतर ठेवून पुन्हा बोलावलं.

आम्ही हॅलो, म्हणजे प्रभावळीची, पद्धत वापरतो. स्पेनमधल्या संशोधकांनी २००३ साली ती मांडली. साध्या सूक्ष्मदर्शकावर होते, म्हणून सांगली-मिरजेसारख्या ठिकाणी परवडते. नमुना अगारोजच्या कोमट जेलमध्ये मिसळून काचपट्टीवर पातळ थर द्यायचा, फ्रिजमध्ये गोठवायचा, मग आम्लात ठेवायचा. त्यानंतर प्रथिनं विरघळवणाऱ्या द्रवात. गाठोड्याची दोरी सुटली की शाबूत डीएनए वेटोळ्यांनी चहूबाजूंना पसरतो आणि रंग दिल्यावर डोक्याभोवती प्रभावळ दिसते, देवाच्या मूर्तीमागे असते तशी. ज्याचा डीएनए तुटलेला, त्याची प्रभावळ अगदी बारीक किंवा नाहीच. असे पाचशे शुक्राणू हाताने मोजायचे. आमच्याकडे दोघीजणी वेगवेगळे मोजतात. आकड्यांत फार फरक पडला तर मी तिसरी.

या वेळी मी त्यालाच सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. असं सहसा करत नाही. भट्टीतल्या मुशीचा रंग बघून आच ओळखणारा माणूस. त्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. “ह्यातला खराब कुठला?” ज्याच्याभोवती प्रभावळ नाही तो, मी म्हटलं. तो ओठांतल्या ओठांत मोजत राहिला. “दहातले तीन टक्कल,” एवढंच म्हणाला.

मोजणी संपल्यावर आला ३४ टक्के. आमच्या लॅबची सीमा ३० ची आहे. माणूस तोच, लॅब तीच, मोजणाऱ्याही त्याच. बदलले होते फक्त दिवस, आणि आकडा १२ अंकांनी खाली आला.

तीन आकडे

गोष्ट इथे थांबली असती, पण मधल्या काळात एका नातेवाइकाने दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये गोठवलेला नमुना पाठवण्याची व्यवस्था केली. तिथे एससीएसए पद्धतीने २७ आला. महिन्याभरात ४६, ३४, २७. तो तिन्ही कागद घेऊन माझ्यासमोर बसला. खरा कुठला?

पहिला बाद. उरलेले दोन्ही खरे, पण मापं वेगळी. एससीएसए ही या सगळ्यांतली जुनी. डॉनल्ड इव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ‘सायन्स’मध्ये मांडलेली. तीत शुक्राणूंना आम्लाचा झटका देऊन अ‍ॅक्रिडीन ऑरेंज हा रंग देतात. शाबूत डीएनए हिरवा चमकतो, उकललेला लाल, आणि फ्लो सायटोमीटर हे एकेक पेशी मोजणारं यंत्र हजारो शुक्राणूंतलं लालाचं प्रमाण काढतं. आणखी दोन पद्धती आहेत. ट्यूनेलमध्ये तुटलेल्या टोकांना खूण चिकटवतात. कॉमेटमध्ये विजेच्या प्रवाहात तुटके तुकडे धूमकेतूच्या शेपटीसारखे मागे ओढले जातात. कुणी तूट थेट दाखवतं, कुणी ताण दिल्यावर काय उकलतं ते दाखवतं, आणि प्रत्येकाची सीमारेषा निराळी. तोळ्याचे ग्रॅम करता येतात, कारण ठरलेला भागाकार आहे. इथे तसा भागाकार नाही. म्हणून पहिली आणि नंतरची चाचणी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने, तितक्याच दिवसांच्या अंतराने झाली तरच तुलनेला अर्थ. रिपोर्टवर पद्धत आणि दिवस नसतील, तर तो नुसता आकडा माझ्या लेखी निकामी. आमचाही होता.

आणि त्याची टंचाची उपमा कुठे तोकडी पडते तेही त्याला सांगितलं. सोन्याच्या लगडीचा कोपरा कापून टंच काढला तर उरलेली लगड तशीच असते. इथे प्रत्येक शुक्राणू वेगळा आणि ज्याची तपासणी झाली तो संपला. जो वाचला त्याचा टंच कुणालाच माहीत नाही. ३४ टक्के म्हणजे मूल ३४ टक्के सदोष, असा अर्थ घरात कुणीतरी काढला होता. तो तर साफ चुकीचा. तूट कुठल्या जनुकात आहे आणि कशामुळे आली, हे ही चाचणी सांगत नाही.

मग ही चाचणी सगळ्यांनी करावी का? माझा धंदा असूनही सांगते, नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजननशास्त्र संघटनांनी २०२० साली एकत्र काढलेल्या मार्गदर्शिकेत मूल न होणाऱ्या जोडप्याच्या पहिल्या तपासणीत ती करू नये असं म्हटलंय. वारंवार गर्भपात होत असतील तर मात्र पुरुषाची गुणसूत्रं आणि ही चाचणी पाहावी, असंही त्यातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या पुस्तिकेत तिला नेहमीच्या तपासणीत न घेता विस्तारित तपासण्यांमध्ये ठेवलं. हल्ली पॅकेजमध्ये घालून लग्नाला वर्षही न झालेल्यांना ती लावली जाते, तेव्हा मला वाईट वाटतं. उत्तराने काही बदलणारच नसेल, तर प्रश्न विचारायचा कशाला?

या घरात उत्तराने काय बदललं

इथे बदलणार होतं, ते तिच्या वयामुळे. एकोणतीस वर्षं, बीजांचा साठा चांगला. हातात वर्षभर होतं. ती सदतीसची असती तर डॉक्टरांनी ऑपरेशनची वाट न पाहता इक्सीकडे नेलं असतं, असं ते स्वतःच म्हणाले. तपासात भरलेल्या शिरा, चाचणीत वाढलेला आकडा, मागे दोन गर्भपात आणि थांबायला वेळ: हे चारही जुळल्यावरच ऑपरेशन ठरलं.

तो आठ महिने कुठल्याशा अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घेत होता, महागड्या. त्या बंद झाल्या. या गोळ्यांमागे लोक फार पैसा घालवतात. २०२० साली अमेरिकेत दोन हजारांवर पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक देऊन मुलं जास्त झाली नाहीत. डीएनए तुटण्याचं प्रमाण तर गोळ्या घेणाऱ्यांत किंचित जास्तच निघालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत अँटिऑक्सिडंटांच्या मिश्रणानेही काही साधलं नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं आणि रिपोर्ट समजावायला मलाही. सासूबाई पदर सावरून बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजे दोष माझ्या ल्येकात हाय म्हना की.”

डॉक्टर म्हणाले, “आजी, पायाच्या शिरा फुगतात तशा तिथल्या फुगल्यात. दोष कसला त्यात?”

सून इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं ते माझ्याकडे बघून. “मग माझी दुर्बीण कशाला केली, मॅडम?”

त्या दुर्बिणीत काही निघालं नव्हतं. भूल, टाके, आठवडाभर अंथरूण. तिचं सगळं तपासून होईस्तोवर याची लुंगी कुणी सोडायला लावली नव्हती. मी काय उत्तर देणार होते? सासूबाईंनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. तो पायांकडे बघत राहिला. डॉक्टरांनी विषय बदलून तारीख दिली.

ऑपरेशन मिरजेत झालं, जांघेत छोटासा छेद घेऊन, मायक्रोस्कोपखाली. दुसऱ्या दिवशी घरी. नंतरची वाट बघणं लांबलचक, कारण शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेरच्या वाटेवर आणखी दोनेक आठवडे. तीन महिन्यांच्या आत तपासलं तर जुनाच माल मोजला जातो. या काळात त्याने भट्टी धाकट्या भावाच्या हवाली केली आणि स्वतः पुढच्या बाजूला बसून टंच नि हिशेब पाहू लागला. तंबाखू दोनदा सोडली. दुसऱ्यांदा सुटली.

चौथ्या महिन्यात पुन्हा आला. दोन दिवसांचं अंतर. फॉर्मवरचा रकाना त्याने स्वतःच भरला, ठळक अक्षरात. २१ टक्के. हालचाल ५१ वर गेलेली.

श्रेय कुणाला द्यायचं? २०२१ साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा अशा ऑपरेशननंतर आकडा सरासरी ७ अंकांच्या आसपास उतरल्याचं दिसलं होतं. याचा १३ ने उतरला. भट्टी सुटली, तंबाखू सुटली आणि एकाच माणसाचा आकडा आपसूकही थोडा खालीवर होतो. कशाचे किती, ते वेगळं काढायला माझ्याकडे तेजाब नाही.

ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात दिवस गेले, कुठल्याही उपचाराशिवाय. आठवा आठवडा ओलांडला तेव्हा तिने मला फोन केला नाही; बाराव्याला केला. आता विसावा चालू आहे. दोन गर्भपात झालेल्या बहुतेक जोडप्यांना पुढच्या खेपेला काही न करताही मूल होतं, हे मला माहीत आहे, म्हणून या एका यशावर मी लॅबची जाहिरात करणार नाही. आमच्याकडे बदललं ते इतकंच की दिवसांचा रकाना भरल्याशिवाय आता नमुन्याची बाटली काउंटरवरून हलत नाही, आणि तो प्रश्न विचारायला एक पोक्त मावशी बसवल्या आहेत. त्या खणखणीत आवाजात विचारतात. पुरुष गडबडतात, पण सांगतात.

गेल्या आठवड्यात त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. धाकट्या भावाच्या वीर्यतपासणीचा फोटो, खाली मजकूर: ‘मॅडम ह्याचा पण टंच काढून घेऊ का.’ भाऊ सव्वीसचा, लग्नाला सहा महिने, रिपोर्ट चांगला. मी लिहिलं, नको. दिवाळीला गावी आला की मिरजेला नेऊन उभं करून तपासून घ्या आणि तोवर भट्टीची पाळी दोघांत वाटून घ्या. तासाभराने अंगठा आला. त्यापाठोपाठ एक फोटो: भट्टीसमोर आता पाटाऐवजी उंच स्टूल, चार हात मागे सरकवलेलं.